एसी ऐन उन्हातच का दगा देतो?

सकाळी आठला धाराशिवहून निघालेली गाडी सोलापूरपर्यंत गारेगार जाते. दवाखान्याचे काम आटोपून दुपारी दोनला परत निघावे, तुळजापूरचा घाट चढायला लागावे आणि अर्ध्या घाटातच एसीच्या जाळीतून गरम वारा यावा, असा अनुभव दहा-पंधरा वर्षे जुनी गाडी असलेल्या अनेकांच्या वाट्याला येतो. पंखा चालू, बटणावरचा दिवा चालू, फक्त गारवा नाही. घरी येऊन गाडी सावलीत लावली आणि संध्याकाळी सहज बटण दाबले, तर एसी पुन्हा सुरू! दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेली, तर मिस्त्रीसमोर तो शहाण्या मुलासारखा नीट चालतो. मग ठरलेले वाक्य ऐकू येते, ‘‘गॅस कमी झाला असंल मालक, भरून टाकू.’’ गॅस भरला जातो, पैसे जातात आणि पुढच्या फेरीला त्याच घाटात पुन्हा तेच.

हा दोष गॅसचा असतोच असे नाही. पुष्कळदा तो कॉम्प्रेसरच्या तोंडावर बसवलेल्या मॅग्नेट क्लचचा असतो. तो उन्हातच का उघडा पडतो, याचे कारण शाळेतल्या भौतिकशास्त्रात सापडते. आरोग्याच्या सदरात गाडीचा क्लच कशाला, असे कोणी विचारील. आपल्या जिल्ह्यातून डायलिसिससाठी, केमोथेरपीसाठी, हृदयाच्या तपासणीसाठी सोलापूरला, लातूरला किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात जाणारी माणसे घरच्या नाहीतर भाड्याच्या जुन्या गाडीतून जातात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असताना मागच्या सीटवर सत्तरीची आई बसलेली असेल, तर एसी चालणे ही चैन राहत नाही.

आधी हा क्लच करतो काय ते पाहू. गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन फिरते तोवर पट्टा फिरणारच, पण एसी मात्र हवा तेव्हाच चालायला हवा. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९३९च्या अखेरीस कारखान्यातच एसी बसवलेली मोटार बाजारात आणली, तेव्हा तिला हा क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचे, बॉनेट उघडायचे आणि कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने काढून ठेवायचा! थंडी संपली की पुन्हा चढवायचा. पुढे विजेच्या चुंबकावर चालणारा क्लच आला आणि हे काम डॅशबोर्डवरच्या बटणावर आले.

या क्लचचे भाग तीनच. पट्ट्याने सतत फिरणारी पुली, पुलीच्या मागे घट्ट बसवलेली तांब्याच्या तारेची गोल कॉइल, आणि पुलीच्या पुढे कॉम्प्रेसरच्या दांड्यावर बसवलेली लोखंडी प्लेट. एसीचे बटण दाबले की कॉइलमध्ये वीज जाते, तिचे चुंबक होते आणि प्लेट ओढली जाऊन पुलीला चिकटते. तेव्हाच तो ओळखीचा ‘टक्’ आवाज येतो. वीज बंद झाली की प्लेटच्या पट्टीस्प्रिंगा तिला मागे खेचतात आणि पुली मोकळी फिरू लागते. प्लेट आणि पुली यांच्यातली फट फार बारीक असते. बहुतेक गाड्यांत ती साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन-तीन पोस्टकार्डांच्या जाडीएवढी.

सगळी गोष्ट या फटीची आहे. प्लेट दर वेळी पुलीवर चिकटताना कणभर घासते. दहा-बारा उन्हाळ्यांत अशी लाखो वेळा चिकटून ती झिजते आणि फट वाढत जाते. ०.५ची ०.८ होते, कधी मिलिमीटरच्याही पुढे जाते. चुंबकाची ओढ अंतर वाढले की नुसती कमी होत नाही, ती झपाट्याने घसरते. ढोबळमानाने अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. फट ०.५ वरून ०.८ झाली, तर हिशेबाने ओढ चाळीस टक्क्यांवर येते. प्रत्यक्षात लोखंडाच्या गुणधर्मामुळे आकडा थोडा वेगळा निघेल, पण दिशा हीच.

आता यात उन्हाची भर घाला. तांबे तापले की त्याचा विरोध वाढतो, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के. समजा, कॉइलचा विरोध २० अंशांना ३.६ ओहम आहे. बारा व्होल्टवर तिच्यातून सव्वातीन अँपिअरहून थोडी जास्त वीज जाते. दुपारी घाट चढताना बॉनेटखालची उष्णता आणि कॉइलची स्वतःची गरमी मिळून ती शंभर अंशांवर गेली, तर विरोध पावणेपाच ओहमच्या घरात जातो आणि वीज अडीच अँपिअरवर येते. चुंबकाची ताकद विजेच्याही वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे ती आधीच्या साठ टक्क्यांच्या आत आली. झिजलेल्या फटीने ओढ चाळीस टक्क्यांवर आणलेली, त्यात या तापलेल्या तारेने आणखी कापली. उरली पाव! एवढ्या ओढीत प्लेट स्प्रिंगांना हरवून पुलीपर्यंत पोचतच नाही. संध्याकाळी तांबे निवले की ओढ परत वाढते आणि ‘टक्’ ऐकू येते. मिस्त्रीला दोष दिसत नाही, कारण सकाळी दहाच्या सावलीत तो नसतोच.

घाटातच का, तेही यातून उलगडते. चढावर इंजिनावर ताण, गाडीचा वेग कमी, समोरून वारा कमी, म्हणून बॉनेटखालचे तापमान सगळ्यात जास्त. त्याच सुमारास गॅसचा दाब वाढला किंवा आतली कूलिंग कॉइल पुरेशी गार झाली, म्हणून क्लच क्षणभर सुटतो आणि पुन्हा चिकटायची वेळ येते. एकदा चिकटलेली प्लेट धरून ठेवायला कमी ओढ पुरते, दुरून ओढून आणायला जास्त लागते. त्यामुळे ‘‘चालू होता तोवर झकास होता, एकदा बंद पडला तो पडलाच’’ अशी तक्रार घेऊन माणसे येतात. ही तक्रार ऐकली की गॅसच्या आधी फट मोजायला सांगावे.

मोजायला फीलर गेज लागते. पातळ पत्र्यांचा तो जुडगा प्रत्येक मिस्त्रीकडे असतो. इंजिन बंद करून प्लेटभोवती तीन ठिकाणी फट मोजायची, कारण प्लेट वाकडी असेल तर एका जागचे माप फसवते. फट जास्त निघाली, तर पुष्कळ जुन्या गाड्यांत उपाय सोपा असतो. प्लेटच्या मधला नट किंवा बोल्ट काढला की मागे पातळ वायसर सापडतात, त्यांना शिम म्हणतात. त्यातला एक कमी केला की प्लेट तेवढी पुढे सरकते. नंतर प्लेट हाताने फिरवून पाहायची. ती पुलीला घासता कामा नये. फट गरजेपेक्षा कमी ठेवली, तर एसी बंद असतानाही प्लेट घासत राहते आणि त्या गरमीत कॉइल जळते. सगळे शिम आधीच संपलेले असतील किंवा प्लेटचा चेहरा निळसर-काळा पडून खरवडला असेल, तर प्लेट-पुलीचा संच बदलावा. त्यासाठी पूर्ण कॉम्प्रेसर बदलायची गरज बहुधा नसते, आणि गॅसही सोडावा लागत नाही. अलीकडच्या काही मोटारींत मात्र क्लचच नसतो. तिथे हा सगळा हिशेब लागू नाही.

गॅरेजला गाडी दाखवायची ती दोष दिसत असतानाच. दुपारी दोन-अडीचला अर्धा तास फिरवून, एसी बंद पडला की तशीच तिथे न्या. बॉनेट उघडून लांबूनच पाहा, पुलीच्या पुढची प्लेट फिरते आहे का? ओढणी, पदर, खांद्यावरचा पंचा फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवा. चालत्या इंजिनात काठीने प्लेटला टोचून ‘बसते का’ ते बघण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती करू देऊ नका, काठी पट्ट्यात गेली तर डोळा जाईल. प्लेट फिरते आहे आणि तरी गारवा नाही, तर क्लचचा बिचाऱ्याचा दोष नाही. कारण गॅस, कंडेन्सर किंवा आतला हवेचा मार्ग यांत शोधावे लागेल. प्लेट थांबलेली आहे, तर पुढचा प्रश्न एकच, कॉइलपर्यंत वीज पोचते की नाही?

त्यासाठी मल्टीमीटर किंवा साधा टेस्ट लॅम्प पुरतो. कॉइलच्या प्लगवर बारा व्होल्टच्या वर वीज आहे आणि प्लेट हलत नाही, म्हणजे फट तरी जास्त किंवा कॉइल तरी गेलेली. गाडी बंद करून प्लग काढावा आणि कॉइलचा विरोध मोजावा. साधारण तीन ते पाच ओहम आला तर कॉइल शाबूत आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे. काही कॉइलींत जास्त तापल्यावर वितळणारा छोटा फ्यूजही असतो, प्लेट घसरून तापली की तो उडतो. बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट आणि कॉइलच्या प्लगवर मात्र साडेअकरा, असा फरक दिसला तर मधे दोन व्होल्ट कुठे गळतात ते शोधायचे. जुन्या गाडीत अर्थिंगचा गंजलेला बोल्ट आणि काळे पडलेले रिलेचे संपर्क ही नेहमीची ठिकाणे. रिले तपासायची गावठी पण बिनचूक युक्ती म्हणजे हॉर्नचा किंवा पंख्याचा त्याच नंबरचा रिले काढून तिथे लावून पाहणे. शेतातल्या आखाड्यावर किंवा धान्याच्या गोदामाशेजारी गाडी उभी राहत असेल, तर तारा उंदरांनी कुरतडल्या आहेत का तेही बघावे. या एका कारणाने कितीतरी कॉम्प्रेसर विनाकारण बदलले जात असतील.

वीजच पोचत नसेल, तर बहुतेक वेळा मधला प्रेशर स्विच उघडलेला असतो. इथे सगळ्यात मोठा घात होतो. हा स्विच गॅसच्या नळीवर बसवलेला पहारेकरी आहे. दाब दोन बारच्या आसपास खाली गेला किंवा तीसएक बारच्या वर गेला, की तो क्लचची वीज तोडतो. गाडीगणिक आकड्यांत थोडा फरक असतो. घाईत असलेला कारागीर त्याच्या दोन तारा जोडून टाकतो आणि सांगतो, ‘‘डायरेक्ट केलंय, आता बंद पडणार नाही.’’ खरेच पडत नाही, काही दिवस. कॉम्प्रेसरला वंगण मिळते ते गॅसबरोबर फिरणाऱ्या तेलातून. गॅस नाही म्हणजे तेल परत येत नाही. कोरडा कॉम्प्रेसर आतून घासतो, धातूचा बारीक कीस कंडेन्सरपासून एक्स्पान्शन व्हॉल्व्हपर्यंत पसरतो आणि शेवटी कॉम्प्रेसर जाम होतो. तोवर दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीला न पेलणारा झालेला असतो. दाब जास्त असताना स्विच डायरेक्ट केला, तर नळी फुटण्याची भीती. कंडेन्सरचा पंखा बंद पडला आहे किंवा त्याच्या पत्त्यांत कडब्याचा भुसा, काळ्या मातीची धूळ आणि किडे गच्च बसले आहेत, म्हणून दाब चढलेला असतो. हलक्या पाण्याच्या धारेने पत्ते धुणे हा त्यावरचा पहिला उपाय. तारा जोडून तो कसा होणार?

क्लच दर काही सेकंदांनी ‘टक्-टक्’ करत बसत-सुटत असेल, तर गॅस खरोखर कमी असण्याची शक्यता मोठी. मग भरायलाच हवा, पण गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतो आहे. रबरी रिंगा, नळ्यांचे जोड, दगड लागलेला कंडेन्सर आणि कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील या गळतीच्या जागा. क्लचच्या मागे तेलकट, धूळ चिकटलेला काळा डाग दिसला तर सील गळते आहे असे समजावे. तेच तेल प्लेटवर उडून क्लच घसरतो आणि दोष दुहेरी होतो. थंडीत चार महिने एसी लावलाच नाही तर सील कोरडे पडते, म्हणून हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा.

गॅस किती आहे ते उभ्या गाडीवर गेज लावून कळत नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरचे उदाहरण घ्या. आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असला, तरी शेगडीला मिळणारा दाब जवळपास तेवढाच राहतो, किती उरला ते सिलिंडर उचलून वजनावरून कळते. एसीचेही तसेच. उभ्या गाडीतला दाब मुख्यतः हवेच्या तापमानावर ठरतो. म्हणून जुना गॅस यंत्राने काढून घेणे, गळती शोधणे, अर्धा तास तरी व्हॅक्यूम करणे आणि बॉनेटखालच्या लेबलवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच गॅस काट्यावर मोजून भरणे, ही रीत आहे. लहान गाड्यांत हा आकडा बहुधा अर्ध्या किलोच्या आसपास असतो. व्हॅक्यूम केला नाही, तर नळीत राहिलेली ओल एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी गोठते आणि तेलाबरोबर मिळून आम्ल तयार करते. ‘थोडा जास्त भरा, गार पडेल’ हा आग्रहही सोडावा. जास्त गॅसने दाब चढतो आणि गारवा उलट कमी होतो.

नव्वदच्या दशकातल्या काही गाड्यांत मुळात आर-१२ हा गॅस असे. ओझोनच्या थराला तो घातक म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर जगभर हटवला गेला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता अडवतो. दर उन्हाळ्यात गळणाऱ्या गाडीत तो भरत राहणे म्हणजे खिसा आणि हवा दोन्ही तापवणे. आर-१२च्या गाडीत नुसता आर-१३४ए ओतून चालत नाही. तेल, रिंगा आणि जोड बदलावे लागतात. स्वस्तात पडतो म्हणून कोणी स्वयंपाकाचा गॅस भरायचे सुचवले, तर गाडी तिथून सरळ बाहेर काढावी. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते. ती गळली तर ज्वालाग्राही वायू माणसे बसली आहेत तिथेच साठेल.

पुलीच्या बेअरिंगकडेही लक्ष असू द्या. एसी बंद असतानाही घर्रर्र आवाज येतो आणि लावल्यावर तो बदलतो किंवा थांबतो, तर संशय बेअरिंगवर घ्यावा. एसी लावणेच सोडले म्हणून हा प्रश्न सुटत नाही, कारण पुली फिरतच असते. बेअरिंग जाम झाले तर पट्टा तुटतो. काही गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, मग भर उन्हात इंजिनही तापून बसते.

आणि एवढे करूनही रस्त्यात एसी गेलाच तर? ४२ अंशांची हवा त्वचेपेक्षा गरम असते. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश धरा. खिडकीतला वारा अंगाला उष्णता देतो, थंड करतो तो फक्त घामाचे बाष्पीभवन करून. म्हणून काचा उघडायच्याच, पण अंगावर ओलावाही ठेवायचा. मानेवर, हातांवर ओला पंचा, अधूनमधून पाण्याचा घोट. वय झालेल्यांना घाम कमी येतो, तहानही उशिरा लागते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरात पाणी आधीच कमी असते. त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, मात्र उन्हाळ्यात डोस तोच ठेवायचा का हे डॉक्टरांना विचारावे. डायलिसिसच्या रुग्णाला ‘पाणी पी, पाणी पी’ करून चालत नाही. त्याचे दिवसाचे पाणी ठरलेले असते. त्याला ओल्या कापडाचा आधार जास्त, आणि वेळ शक्य तितकी सकाळची मागून घ्यावी.

थकवा, चक्कर, मळमळ, पायात गोळे येणे ही उष्णतेच्या त्रासाची सुरुवात. तिथेच थांबून सावली गाठावी. महामार्गावर ढाबा, पेट्रोल पंप कुठेही चालेल. माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेना, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेले असू शकते, अंग कोरडेच असेल असेही नाही. १०८ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत वारा घालत राहावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापासाठीची गोळी इथे उपयोगाची नाही.

मिस्त्री क्लचपाशी वाकलेला असताना लहान मुलाला ‘आतच बस, ऊन लागेल’ म्हणून काचा लावून गाडीत ठेवू नका. उन्हात उभ्या, बंद गाडीतले तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसएक अंशांनी वाढू शकते, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच दोन बोटे उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. मुलाला गॅरेजच्या सावलीत, आपल्या नजरेसमोर बसवा.